तवा कोण पुसणार?

रेजिस थिवोलेला क्नेल फार सुरेख जमायची आणि दुसरं काहीच जमायचं नाही. ही निंदा नव्हे. माशाचे ते हलके, उशीसारखे फुगणारे गोळे लियों शहरात शंभर जण करतात, पण क्रुआ-रूसच्या आमच्या चढावर लोक रेजिसकडेच जायचे. बाकीच्या बाबतीत त्याची बायको आर्लेत गिऱ्हाइकांच्या तोंडावरच सांगायची.

"माझ्या नवऱ्याच्या हाताला चव आहे," ग्लास पुसता पुसता ती म्हणायची, "पण त्या हातात पाना-पक्कड देऊ नका. मागे त्यानं दिव्याचं बटण दुरुस्त केलं, तेव्हापासून दिवा लावला की पंखा फिरतो."

रेजिस आतून ऐकायचा आणि हसायचा. अडतीस वर्षं त्यानं हेच केलं.

खाणावळ चौदा टेबलांची. स्वयंपाकघर इतकं अरुंद की दोघं समोरासमोर आली तर एकानं पोट आत घ्यावं. शिजवायचा रेजिस, आणि त्याच्या जोडीला वार्दिया. ती लहानपणी आईबापांबरोबर अल्जीरियाच्या डोंगरातून आलेली, बावीस वर्षं या घरात कांदे चिरण्यापासून सॉस आटवण्यापर्यंत सगळं करणारी, आणि जिभेनं सुरीपेक्षा तिखट. पण ही दोघं ज्यावर शिजवायची, ज्यात शिजवायची, ज्यानं कापायची, ते सगळं आर्लेतनं निवडलेलं आणि आर्लेतनं जपलेलं.

तिची निवडायची रीत ठरलेली. वस्तूचं तोंड आधी बघायचं नाही. विकणारा चकचकीत दार उघडून दाखवत असायचा आणि ही बाई खुशाल फरशीवर आडवी होऊन खालून बघायची. "तोंडं सगळ्यांचीच चांगली असतात. बूड बघावं." फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी अडकवून ओढायची; सहज निघाली तर रबर सैल, फ्रिज नको. एका स्क्रूड्रायव्हरनं उघडत नाही अशी वस्तू तिनं कधी उंबऱ्याच्या आत घेतली नाही. आणि दर सोमवारी, खाणावळ बंद असताना, ती एकेक यंत्र उघडून बसायची. रेजिस त्या वेळी पत्ते खेळायला गेलेला असायचा.

बहुतेक वस्तू जुन्याच होत्या. आमच्या चढावर एखादी खाणावळ मिटली की तिचं सामान लिलावात जात नाही; शेजारच्या खाणावळी वाटून घेतात. घासाघीस करायची नाही, सांगितली ती किंमत. वस्तूला मात्र जुन्या मालकाचं नाव कायमचं चिकटतं. थिवोलेंकडे मांसाचे काप काढायचं यंत्र 'बुव्हार' होतं आणि तांब्याचं सगळ्यात मोठं पातेलं 'म्हातारी रोझिन'. "बुव्हारला तेल दे, रोझिनला घासून ठेव" असं ऐकलं की नवख्याला वाटावं, इथं भुतांची पंगत बसलीय. देण्यापूर्वी जुना मालक एकच प्रश्न विचारतो: पुसणार कोण? शिजवणार कोण, हे कोणी विचारत नाही. शिजवणारे पायलीला पन्नास मिळतात.

शेगडी तेवढी जागेबरोबर आलेली, १९५८ सालची. तिच्या माथ्यावर बिडाचा सपाट तवा, दाराच्या फळीएवढा रुंद आणि अंगठ्याएवढा जाड. जाळ मधोमध, म्हणून तवा मध्ये रसरसलेला आणि कडेला कोमट. यावर शिजवणारा बटणं फिरवत बसत नाही, पातेली सरकवतो. कुठल्या वितीवर काय शिजेल हे रेजिस डोळे मिटून सांगायचा. पण दुपारची शेवटची थाळी बाहेर गेली की तवा आर्लेतचा. पुरता निवायच्या आत त्याला झाव्याच्या खरखरीत दगडानं घासायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि डुकराच्या चरबीची साल हलक्या हातानं फिरवायची. पाणी नाही. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतणं म्हणजे तव्याचा जीव घेणं. हे आमच्याकडे कोणाला शिकवावंही लागत नाही.

नोव्हेंबरात आर्लेत गेली. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात दाखल झाली आणि सहा आठवड्यांत सगळं आटोपलं.

रेजिस रडला नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. लोकांचं काय, रडला तर मोकळा झाला म्हणतात आणि न रडला तर धीराचा. दोन्हीकडून त्यांची सुटका होते. खरं असं होतं की रेजिसला काही वाटतच नव्हतं. दफनाच्या दिवशी त्याचं सगळं लक्ष पाद्र्याच्या बुटाच्या सुटलेल्या नाडीकडे होतं. ती बांधली नाही तर तो पडेल, एवढंच त्याच्या मनात येत होतं. पाद्री काही पडला नाही. रेजिस घरी आला, पलंगाच्या आपल्या बाजूला झोपला, सकाळी उठला आणि दाढी केली.

पाचव्या दिवशी खाणावळ उघडली. रेजिसच्या हातांनी मासा वाटला, अंडी फेटली, सॉस आटवला. क्नेल नेहमीसारखी टम्म फुगली. जुनी गिऱ्हाइकं जाताना त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "अगदी पहिल्यासारखी झालीय हो." तो म्हणाला, "आभारी आहे." त्याला स्वतःला चव लागत नव्हती. उभ्या उभ्या पावाचा तुकडा आणि गार मसूर खायचा. पोट भरलं की थांबायचा.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. जानेवारीत फ्रिजचं रबर गेलं. मार्चमध्ये बुव्हारचं पातं अडकायला लागलं. धुराड्याच्या जाळीतून तेलाचे थेंब ठिबकायला लागले.

"मालक, फ्रिजचं दार लागत नाही."

"असू दे."

"असू दे काय? आत लोणी आहे, मालक, दगड नाहीत."

"बघू."

शेवटी वार्दियाच बघायची. रबर तिनं स्वतः आणून बसवलं, जाळी सोड्याच्या पाण्यात उकळली, आणि रोज दुपारी हात जरा मोकळा झाला की झावा घेऊन तवा घासायला लागायची. रेजिस तोपर्यंत बाहेर खिडकीशी बसलेला असायचा, रस्त्याकडे तोंड करून. रस्त्यावर काय चाललंय असं विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

चौदा जूनचा शनिवार. दुपारचे तीन. शेवटचं गिऱ्हाईक गेलं, वार्दिया मागच्या अंगणात रिकाम्या बाटल्या लावायला गेली. रेजिस उठून आत आला. गॅस बंद होता, पण तव्यावरची हवा अजून थरथरत होती. नळाखाली फरशी धुवायची बादली भरून ठेवलेली. त्यानं ती उचलली आणि तव्यावर ओतली.

वाफेचा लोट छताला भिडला. मग आवाज झाला, कडाड्, एकच. वाफ विरली तेव्हा तव्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक काळी रेघ गेलेली होती, तीत सुरीचं पातं सहज जावं. रेजिसच्या मनगटावर वाफेनं भाजलं होतं. तो रेघेकडे बघत उभा राहिला. त्याला वाटलं, आता काहीतरी वाटेल. वाटलं नाही. त्यानं रिकामी बादली जागेवर नेऊन ठेवली.

वार्दिया आत आली. तिनं तव्याकडे पाहिलं, ओल्या भिंतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तडकला," रेजिस म्हणाला. "जुना होता. आपोआप तडकला."

तिनं मलमाची नळी आणून त्याच्या मनगटाला लावलं आणि जिभेला कुलूप घातलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच घातलं असेल.

खाणावळ बंद झाली. दाराला चिठ्ठी लागली: दुरुस्तीसाठी बंद. जुलै गेला. ऑगस्टात आमच्याकडे तसंही निम्मं गाव सुट्टीवर असतं, त्यामुळे बंद दार कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पण सप्टेंबरात उघडलं नाही तर ते पुन्हा कधीच उघडत नाही, हे या धंद्यातलं अगदी लहान पोरही सांगेल. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात वार्दिया त्याच्या घरी गेली. तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, टेबलावर न उघडलेल्या पत्रांची चळत.

"मालक, मला वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात बोलावलंय. कायमची नोकरी. शुक्रवारी दुपारपर्यंत हो की नाही सांगायचंय."

"चांगलं आहे."

"चांगलं आहे म्हणे! तिथं सगळं दळून देतात. गाजरही दळलेलं आणि कोंबडीही दळलेली, रंगावरून ओळखायचं. मला तिथं जायचं नाही. पण शेगडी नसेल तर मी खाणावळीत येऊन काय, भिंतीशी बोलू? मी गेले की तुम्ही एकटे उघडणार आहात का?"

"नाही."

"मग शेगडीचं बघायचं की नाही?"

"बघू."

"'बघू' नाही. बूट घाला."

शहराबाहेर शेगड्या विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात तिनं त्याला नेलं. विक्रेता बर्तोलों नावाचा, तरुण, गुळगुळीत. बोलणाऱ्याची एरंडंही विकली जातात म्हणतात. हा तर काच विकत होता. काळ्या काचेची, चुंबकाच्या जोरावर भांडं तापवणारी शेगडी, जाळ नाही, धूर नाही.

"हात ठेवा, मिस्यू! चालू आहे, बरं का. ठेवा, ठेवा."

रेजिसनं तळहात ठेवला. खाली काहीच नव्हतं, ना ऊन ना गार. शेजारी त्याच काचेवर पाणी खळाखळा उकळत होतं. तो हात तसाच ठेवून उभा राहिला. शेगडी त्याला आवडली. तिला बघून त्याला आपल्या नात्यातलं कोणी भेटल्यासारखं झालं.

वार्दियानं पिशवीतून लोहचुंबक काढलं. येताना खाणावळीतून तिनं रोझिन आणि दोन ॲल्युमिनियमचे टोप मुद्दाम उचलून आणले होते. चुंबक एकालाही चिकटलं नाही.

"म्हणजे आमची भांडी यावर चालणार नाहीत."

"भांड्यांचा नवा संच आम्ही—"

"थांबा." ती गुडघ्यांवर बसली आणि वाकून खालून बघायला लागली. बर्तोलों कावराबावरा झाला. "हे उघडतं कुठून?"

"ते उघडायचं नसतं, मॅडम. बिघाड झाला तर कंपनीचा माणूस येतो. फोन केल्यापासून दोन दिवसांच्या आत."

"म्हणजे गुरुवारी दुपारी बंद पडली तर शनिवारपर्यंत गिऱ्हाइकांनी काय स्वतःची जीभ चावून खायची?"

"सहसा बंद पडत नाही, मॅडम."

"सहसा माणसंही मरत नाहीत," वार्दिया म्हणाली आणि उठली.

"घेऊ या हीच," रेजिस म्हणाला.

"का?"

"काय फरक पडतो?"

तिनं रोझिन त्याच्या हातात कोंबलं आणि त्याला बाहेर काढलं. बसथांब्यावर एक म्हातारा तांब्याचं पातेलं मांडीवर घेऊन बसला होता आणि शेजारची बाई त्याच्याशी अवाक्षर बोलत नव्हती. येणारे-जाणारे बघत होते. रेजिसला त्याचंही काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोलार आला. हा आमच्या चढावरच्या निम्म्या शेगड्यांचा वैद्य. त्यानं फटीत नख घातलं, टेपनं तवा मापला आणि डोकं हलवलं.

"डाग देऊन उपयोग नाही, तापला की पुन्हा उकलेल. हा बनवणारा कारखाना मिटून पस्तीस वर्षं झाली. या मापाचा दुसरा तवा अख्ख्या शहरात एकच आहे."

"कोणाकडे?" वार्दियानं विचारलं.

"गोनारआईकडे." आणि मोलार हसला, म्हणजे विषय संपला.

गोनारआई म्हणजे फिलोमेन गोनार. आमच्याकडे खाणावळ चालवणाऱ्या बाईला आईच म्हणतात, पोटी मूल असो नसो. वय चौऱ्याऐंशी. तीन वर्षांपूर्वी तिनं आपली खाणावळ मिटली, बाकी सगळं सामान रीतीनं वाटलं, पण शेगडी दिली नाही. सात जण मागायला गेले आणि हात हलवत परत आले. एकाला म्हणाली, आधी नखं काप. दुसऱ्याला म्हणाली, तुझा बाप कढई न धुता झोपायचा, मला माहीत आहे.

गुरुवारी दुपारी ही दोघं तिच्या दारात उभी राहिली. उद्या शुक्रवार. वार्दियानं फोन मुठीत धरला होता, जणू तो निसटून आपणच वृद्धाश्रमाला हो म्हणून टाकेल.

गोनारआईनं त्यांना आत घेतलं. रिकामं स्वयंपाकघर, भिंतींवर भांड्यांच्या खुंट्या नुसत्या, आणि मधोमध शेगडी. तवा काळा, तुकतुकीत, कुठं ठिपका नाही. तिला बसायला तिथंच एक खुर्ची होती. दर रविवारी एका माणसाचं सूप ती याच अवाढव्य तव्याच्या कोपऱ्यावर करायची.

"आर्लेतचं ऐकलं मी," ती रेजिसला म्हणाली. "पाय धड नाहीत, येता आलं नाही. बाई खरी होती. एकदा माझ्याकडे बटाट्याचं यंत्र बघायला आली आणि इथं, या फरशीवर, स्वच्छ फ्रॉकमध्ये लोळली." ती जराशी हसली. "आता सांग. तुझा तवा कशानं गेला?"

"जुना होता, आई. आपोआप तडकला."

"हाही अठ्ठावन्नचाच आहे, त्याच साच्यातला. हा नाही तडकला."

रेजिसनं मनगटावरच्या भाजल्याच्या डागावर बाही ओढली.

"बरं. रीत म्हणून विचारते. पुसणार कोण?"

उत्तर सोपं होतं. 'मी' म्हणायचं की काम झालं. वार्दियाही त्याच्याकडे बघत होती. तिची नोकरी, त्याची खाणावळ, सगळं त्या एका अक्षरावर लटकलेलं होतं. त्यानं तोंड उघडलं. समोरच्या तव्यात खिडकीचा उजेड पडला होता.

"पुसायची आर्लेत," तो म्हणाला. "ती गेल्यावर वार्दिया. मी कधीच पुसला नाही. मी पाणी ओतलं त्याच्यावर."

"गरम असताना?"

"हो."

"आर्लेतनं सांगितलं नव्हतं होय रे तुला?"

"सांगितलं होतं. दवाखान्यातसुद्धा सांगितलं होतं."

"मग विसरलास?"

सगळा उन्हाळा त्यानं स्वतःला हेच सांगितलं होतं. घाई होती, लक्ष नव्हतं, विसरलो. त्याला ते पटतही आलं होतं. पण या म्हातारीपुढे ते वाक्य तोंडातून निघेना.

"नाही. मुद्दाम ओतलं."

त्याच्या आवाजात काही नव्हतं. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा तो सांगत होता. "सगळं पहिल्यासारखंच चाललं होतं, आई. तवा तापत होता. क्नेल फुगत होती. लोक बोटं चाटत होते आणि म्हणत होते, अगदी पहिल्यासारखं. एकानंही म्हटलं नाही की आज काहीतरी कमी आहे. अडतीस वर्षं सोबत असलेली बाई गेली आणि कुणाच्या थाळीत काही फरक नाही. मला त्याचा फार राग आला. मला वाटलं, काहीतरी फुटायलाच पाहिजे."

"मग वाईट शिजवायचंस की, मेल्या! मुक्या तव्याचा जीव कशाला घेतलास?"

"शिजवून बघितलं," रेजिस म्हणाला. "दोनदा. एकदा कोंबडीत मूठभर मीठ टाकलं. एकदा क्नेलचा सॉस करपवला. ताटं चाटूनपुसून परत आली. कुणाला कळलंसुद्धा नाही."

गोनारआई वार्दियाकडे वळली.

"तुला ठाऊक होतं, यानं पाणी ओतलं ते?"

"मी मागच्या दारातच उभी होते."

"मग बोलली का नाहीस?"

"ते त्यांनी सांगायचं होतं, आई. मी कशी सांगू?"

म्हातारीनं काठी टेकली आणि उठली. "तव्याचा जीव घेणाऱ्याला मी तवा देत नाही," ती रेजिसला म्हणाली. "तुला नाहीच देणार. हिला देते. ऐक गं, तवा तुझा. त्याच्या शेगडीवर बसव, नाहीतर तुझ्या घराच्या गच्चीवर बसव, तुझी मर्जी. पैसे नकोत. दर रविवारी मला एक वाडगा सूप पाठवायचं, आणि ते खारट झालं तर मी तवा परत मागवीन. मोलारला सांग, उचलताना चार माणसं आण."

वार्दियानं मान हलवली. मग ती तव्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

दोघं बाहेर आली. जिना उतरून खाली पायरीशी वार्दिया थांबली. वृद्धाश्रमाचा नंबर काढला, पण लावला नाही.

"मालक, तुम्हाला एक सांगायचंय."

"सांग."

"ती कोंबडी. ती सहा ताटं बाहेर गेलीच नाहीत. मी ती मागच्या मागे बादलीत ओतली आणि दुसरी कोंबडी केली. टेबल चारला सांगितलं, भट्टी मंद आहे, दहा मिनिटं थांबा, आणि वर वाईनची एक छोटी बाटली आपल्याकडून दिली."

रेजिस तिच्याकडे वळला.

"आणि सॉस?"

"सॉसही तसाच. दोनदा नाही झालं ते, मालक, चार वेळा झालं. मार्चमध्ये मसुरात साखर पडली होती, आणि मेमध्ये कलेजी घालून वाफवायच्या केकमध्ये अंडंच नव्हतं. ते तुमच्या ध्यानातही नाही. मी रोज तुमच्या मागून चमचा घालून बघत होते. आर्लेतबाईंच्या घरातून खारट ताट बाहेर जाऊ देणार होते का मी?" तिचा आवाज चढला. "वर तुम्ही म्हातारीला सांगता, कुणाला कळलं नाही! कुणाला म्हणजे? मी कुणीच नाही का? मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. मला रोज कळत होतं."

रेजिस पायरीवर बसला. आधी त्याचे खांदे हलले, मग तोंडातून एक आवाज आला, त्याचा त्यालाही ओळखीचा नसावा. मग तो रडायला लागला, मोठ्यानं, भर दुपारी, भर रस्त्यात. समोरच्या दुकानातली बाई दारात येऊन उभी राहिली.

वार्दियानं नंबर लावला. "हो मॅडम, मीच. नाही मॅडम, मी येत नाही. नाही, पगाराचं काही नाही. माझ्याकडे काम आहे," ती बोलत होती, आणि पलीकडच्या बाईला रेजिसचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून तिनं फोनभोवती दुसऱ्या हाताचा आडोसा धरला होता.